बेटाबेटांतून शिडाच्या बोटीने: नांगर टाकल्यावर झोप लागते का हो?

कोरडवाहू · १२ नोव्हेंबर
मंडळी, माझ्या आतेभावाने जुनी शिडाची बोट घेतलीय. ४० फुटी, एका डोलकाठीची. तो आणि वहिनी दोन वर्षं कॅरिबियनमध्ये तिच्यावरच राहतात. जानेवारीत तीन आठवडे आम्हा दोघांना बोलावलंय. ग्रेनाडाहून निघायचं आणि कॅरिआकू, युनियन, टोबॅगो केज, बेक्विया, सेंट व्हिन्सेंट, सेंट लुसिया करत मार्टिनिकला उतरायचं. काय आणायचं, काय आणायचं नाही, याची लांबलचक यादी दादाने पाठवली आहे. माझा प्रश्न त्या यादीत नाही.

मला लाटांची फारशी भीती नाही. वादळाचीही नाही, जानेवारीत हरिकेन नसतात एवढं वाचलंय. मला भीती वाटते रात्रीची. साखळीच्या टोकाला एक लोखंडाचा तुकडा, तो खाली वाळूत रुतलाय असं आपण मानायचं, आणि त्या भरवशावर वर खुशाल घोरायचं? दादाला फोनवर विचारलं तर म्हणाला, "लागते रे झोप." मागून वहिनी हसल्या. त्या हसण्याचा अर्थ जाणकारांनी सांगावा.

भोवरा · १२ नोव्हेंबर
सोपा आहे. दादा झोपतात, वहिनी जागतात.

शीडमोड्या · १२ नोव्हेंबर
+१. आमच्याकडे उलट आहे.

निशाचर_नाविक · १३ नोव्हेंबर
कोरडवाहू, तुम्ही अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत (दोन्ही अर्थांनी).

बेटांमधली भटकंती म्हटलं की लोकांना फुगलेली शिडं दिसतात. जरा हिशेब मांडा. ग्रेनाडा ते मार्टिनिक साधारण दीडशे सागरी मैल, वळणं धरून थोडं जास्त. बोट पाच-सहा नॉटने, म्हणजे तासाला पाच-सहा सागरी मैल चालते. म्हणजे सगळं मिळून तीसेक तासांचं चालणं. तीन आठवड्यांचे तास होतात ५०४. उरलेले पावणेपाचशे तास बोट उभीच असते. शिडं सांभाळायला मित्र शिकवतात, पुस्तकं शिकवतात. नांगर मात्र प्रत्येक जण घाबरून घाबरूनच शिकतो.

तर ऐका. आधी तळ बघायचा. फिकट, दुधी हिरवं पाणी म्हणजे वाळू. गडद डाग म्हणजे गवत नाहीतर प्रवाळ. गवतात नांगराचं पातं मुळांवरून सरकत राहतं. प्रवाळावर नांगर टाकायचा नाही म्हणजे नाही. वर्षानुवर्षं वाढलेलं जिवंत काहीतरी आपण एका मिनिटात मोडतो, आणि साखळी त्यात अडकते ती वेगळीच.

मग साखळी किती सोडायची? खोलीच्या पाचपट, हे सगळ्यांना पाठ असतं. चूक होते ती खोली मोजताना. यंत्रावर ५ मीटर दिसले की लोक २५ मीटर साखळी सोडून मोकळे. अहो, साखळी पाण्यातून सुरू होत नाही, बोटीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून सुरू होते! ती पाण्यापासून सव्वा मीटर वर असते. सव्वासहाचे पाचपट करा, एकतीस मीटर झाले. जिथे भरती-ओहोटी मोठी असते तिथे तीही मिळवायची. कॅरिबियनमध्ये ती जेमतेम असते म्हणून चालून जातं. वारा वाढणार असेल तर सातपट. कारण वारा १५ नॉटचा ३० झाला की बोटीवरची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते.

त्यानंतर इंजिन हळूहळू मागे रेटून नांगर रुतवायचा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघत राहायचं. त्या रेषेतून हलल्या की आपण घसरतोय.

आणि शेवटचं काम, जे निम्मे लोक करत नाहीत: चष्मा-नळी लावून पाण्यात उतरायचं आणि नांगर डोळ्यांनी बघायचा. मी एकदा असाच उतरलो. बोट तासभर अगदी शहाण्यासारखी उभी होती. खाली नांगर कुशीवर आडवा, आणि त्याच्या टोकात हाताएवढा रिकामा शंख अडकलेला. टोक वाळूला लागलंच नव्हतं. तासभर आम्ही नुसत्या साखळीच्या वजनावर उभे होतो आणि मी वर बसून पुस्तक वाचत होतो.

आळशी_अजगर · १३ नोव्हेंबर
माहितीपूर्ण प्रतिसाद. पण झोप लागते की नाही?

निशाचर_नाविक · १३ नोव्हेंबर
माझं सदस्यनाम वाचा.

खारं_वारं · १३ नोव्हेंबर
निशाचर उगाच घाबरवतायत. झोपेचं नंतर बघू, आधी पोटाचं बघा. वरच्या हिशेबातले ते तीस तासच पहिल्यांदा जाणाऱ्याला आयुष्यभर लक्षात राहतात.

ही बेटं उंच, ज्वालामुखीची. पश्चिमेच्या बाजूला वाऱ्याच्या आडोशाने समुद्र तळ्यासारखा असतो, कधीकधी इंजिन लावावं लागतं इतका. तुम्ही म्हणता, हेच का ते! आणि बेटाचं टोक ओलांडलं की आफ्रिकेपासून मोकळी येणारी लाट उजव्या कुशीला बसते. दोन बेटांच्या फटीतून वारा पिळून निघतो, त्यामुळे त्या फटीत पाच-दहा नॉट जास्तच. टोक ओलांडायच्या आधीच शीड आखडून घ्या. शीड आखडावं का, असा विचार मनात पहिल्यांदा आला की तीच ती वेळ. दुसऱ्यांदा विचार येतो तेव्हा हात रिकामे नसतात.

बोट लागण्याबद्दल: पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना होतं, मग कान सरावतात. या प्रवासात अडचण अशी की रोज संध्याकाळी तुम्ही थांबता, त्यामुळे सराव व्हायला वेळ लागतो. बरं नाही वाटलं तर खाली केबिनमध्ये जाऊ नका, क्षितिजाकडे बघा, आणि सुकाणू मागून घ्या. ज्याच्या हातात सुकाणू त्याला सहसा उलटी होत नाही. गोळी घ्यायची तर निघायच्या आधी, पोट ढवळायला लागल्यावर नाही.

कोरडवाहू · १३ नोव्हेंबर
बायकोने हा प्रतिसाद वाचला. सुकाणू तिचं, असं ठरलंय. माझं काय ठरलंय ते विचारू नका.

तळटीप · १४ नोव्हेंबर
काही दुरुस्त्या.

१) हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, हे बरोबर. पण जानेवारी म्हणजे शांतता असं समजू नये. डिसेंबर-जानेवारीत व्यापारी वारे दिवसचे दिवस २५ नॉट आणि वर वाहतात, त्यांना तिकडे 'ख्रिसमस विंड्स' म्हणतात.

२) "ग्रेनाडा हरिकेनच्या पट्ट्याबाहेर आहे" असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. साधारण १२ अंशांच्या दक्षिणेला बोट ठेवली की सुरक्षित, असा समज वर्षानुवर्षं होता. २००४मध्ये आयव्हन खुद्द ग्रेनाडावर आलं. २०२४च्या १ जुलैला बेरिल कॅरिआकूवर आदळलं, युनियन बेटाची दैना झाली. खारफुटीत बांधून ठेवलेल्या बोटीसुद्धा एकमेकींवर चढल्या. कोरडवाहू, तुमच्या मार्गावरची हीच बेटं आहेत. जाल तेव्हा छपरांकडे बघा.

३) ग्रेनाडाच्या उत्तरेला सात-आठ किलोमीटरवर समुद्राच्या पोटात 'किक एम जेनी' नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे. त्याचा उद्रेक पहिल्यांदा नोंदला गेला तो १९३९मध्ये. एरवी दीड किलोमीटर लांबून जायचं, इशारा वाढला की पाच किलोमीटर. निघण्याआधी त्या दिवसाचा इशारा बघावा.

भोवरा · १४ नोव्हेंबर
खाली ज्वालामुखी, वर ख्रिसमस विंड्स, आणि धाग्याचा विषय काय तर झोप.

चिंगी_२ · १४ नोव्हेंबर
मी आतापर्यंत या प्रकाराचे फक्त फोटो पाहिले होते. निळं पाणी, नाळेवर लोळलेली माणसं. हा धागा वाचून ती माणसं रात्रभर जागून दुपारी लोळत असावीत असं वाटायला लागलंय.

शीडमोड्या · १४ नोव्हेंबर
चिंगी, फोटो काढणारा माणूस त्या वेळी इंजिनाच्या खोलीत डोकं घालून बसलेला असतो. बोटभटकंतीची जुनी व्याख्या आहे: निसर्गरम्य ठिकाणी जाऊन बोट दुरुस्त करणे.

आमचाच किस्सा सांगतो. आम्ही भाड्याने कॅटामरान (जोडबोट) घेतला होता. दुसऱ्याच सकाळी नांगर उचलायची मोटर बसली. बटण दाबलं की 'टक्', पुढे काही नाही. ज्यांच्याकडून घेतला त्यांना फोन केला, तर म्हणे तुम्ही जोर लावला असेल. अरे बाबा, जोर लावायला मोटर चालू तर व्हायला हवी! पस्तीस मीटर साखळी दोघांनी हाताने ओढली. आठ दिवस, रोज. त्या आठवड्यात "इथे नको, जरा पलीकडे टाकू" असं कोणी म्हणालं की त्याच्याकडे सगळे असे बघायचे की बास.

रानवारा · १५ नोव्हेंबर
एवढा काथ्याकूट कशाला? बऱ्याच ठिकाणी तळाशी पक्के बांधलेले तरंगते गोळे असतात, दोर अडकवा आणि झोपा. सेंट लुसियाला पिटाँ डोंगरांखाली तर नांगर टाकायला बंदीच आहे, गोळ्यालाच बांधावं लागतं. प्रवाळही वाचतं.

निशाचर_नाविक · १५ नोव्हेंबर
@रानवारा, जिथे नियम आहे तिथे गोळाच, प्रश्नच नाही. पण गोळ्याखाली काय आहे ते तुम्ही पाहिलंत का? वर चकचकीत रंग, खाली झिजून करंगळीएवढा झालेला दोर मी स्वतः बघितलाय. माझा नांगर निदान मला माहीत असतो.

रानवारा · १५ नोव्हेंबर
आणि तुमच्या नांगरात शंख अडकतो.

निशाचर_नाविक · १५ नोव्हेंबर
मान्य. दोन्हीसाठी पाण्यात उतरा, एवढंच म्हणतो.

डोलकाठी · १६ नोव्हेंबर
उशिरा आलो. वाचून मजा वाटली.

आम्ही काही वर्षांपूर्वी पनामातून पॅसिफिकमध्ये उतरलो. गॅलापागोस ते मार्केसास, जवळपास तीन हजार सागरी मैल. तीन आठवडे जमीन नाही. दोघंच होतो, तीन तास तू, तीन तास मी, असा पहारा. सगळे विचारतात, भीती नाही वाटली? खरं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांत मी जितका गाढ झोपलो तितका नंतर कुठल्याच बेटावर झोपलो नाही. भर समुद्रात आपटायला काही नसतं. बोटीला धोका पाण्याचा नसतो, जमिनीचा असतो.

हे मला खरं कळलं तुआमोटूला. मार्केसास उंच, डोंगराळ, दिवस असला की लांबूनच दिसतात. तुआमोटूची बेटं म्हणजे प्रवाळाची कंकणं, ऐंशीच्या आसपास. जास्तीत जास्त उंच काय तर माडाचा शेंडा. सात-आठ मैलांवर येईपर्यंत दिसतच नाहीत. जुन्या दर्यावर्दींनी त्यांना 'धोक्याचा द्वीपसमूह' म्हटलं ते उगाच नाही. आत सरोवर असतं, त्यात जायला कड्यात एखादीच खिंड. दक्षिणेकडून लाटा कड्यावरून आत पाणी ओततात, ते सगळं त्या एका खिंडीतून बाहेर पडतं. वेळ चुकली तर समोरून नदीच्या पुरासारखा लोंढा येतो. बोटीचा वेग सहा, पाण्याचा सहा, आणि आपण जागच्या जागी माड मोजत.

आत गेल्यावरही सुटका नाही. पाण्यात प्रवाळाचे खांब उभे. ते यंत्रावर बघायचे नसतात, डोळ्यांनी बघायचे. ऊन डोक्यावर किंवा पाठीमागे असताना, म्हणजे सकाळी दहा ते दुपारी दोनच्या आसपास. आमची ही डोलकाठीवर चढून बसायची आणि हाताने दाखवायची, डावीकडे, उजवीकडे. गडद निळं चांगलं, हिरवट चालेल, तपकिरी आलं की थांब. एकदा ढग आला आणि सगळं पाणी एका रंगाचं झालं. वीस मिनिटं आम्ही इंजिन हळू ठेवून तिथल्या तिथे गोल फिरत राहिलो. ढग गेला तेव्हा खांब डाव्या हाताला, बोटीच्या लांबीएवढ्या अंतरावर होता.

तिथे नांगर टाकताना साखळीला मध्ये मध्ये तरंगे बांधतात, म्हणजे ती तळावरून उचललेली राहते आणि खांबाभोवती गुंडाळत नाही. कोरडवाहू, तुम्हाला हे लागणार नाही. सांगायचा मोह आवरला नाही एवढंच.

चिंगी_२ · १६ नोव्हेंबर
डोलकाठीकाका, अप्रतिम. पण आता नकाशे, जीपीएस सगळं असताना डोळ्यांनीच का बघायचं?

तळटीप · १६ नोव्हेंबर
कारण जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतं. प्रवाळ कुठे आहे ते नकाशा सांगतो, आणि आडबाजूच्या बेटांची मोजणी कधीकधी फार जुनी असते.

नकाशा बरोबर असला तरी माणूस चुकतो. २०१४च्या नोव्हेंबरमध्ये व्होल्वो ओशन रेस या शिडाच्या बोटींच्या जगप्रदक्षिणा शर्यतीतली टीम वेस्टास विंडची बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोसच्या प्रवाळावर रात्री पूर्ण वेगात चढली. बोटीवर जगातले मुरलेले खलाशी होते. प्रवाळ नकाशात होतं, पण पडद्यावरचा नकाशा पुरेसा मोठा करून बघितल्याशिवाय ते ठळक दिसत नव्हतं. कोणी दगावलं नाही, हे नशीब.

खारं_वारं · १६ नोव्हेंबर
अवांतर: उलट दिशेचं उदाहरण. १९७६मध्ये माउ पियाइलुग या जुन्या परंपरेतल्या दर्यावर्दींनी होकुलेआ ही जोडनौका हवाईहून ताहितीला नेली, एकही उपकरण न वापरता. तारे, लाटेची दिशा आणि पक्षी. काही पक्षी दिवसभर समुद्रावर मासे पकडतात आणि संध्याकाळी झोपायला जमिनीकडे परततात, तेव्हा सूर्य कलल्यावर ते ज्या दिशेला उडतात तिकडे बेट. बाकी ढग पुढे सरकत असताना एकच ढग जागेवर अडलेला दिसला की त्याच्याखाली काहीतरी आहे. आणि त्याच्या पोटाला हिरवट झाक असली तर खाली उथळ सरोवर.

आळशी_अजगर · १६ नोव्हेंबर
पक्षीसुद्धा झोपायला जमिनीवर जातात. कोरडवाहू, घ्या काय ते समजून.

शीडमोड्या · १७ नोव्हेंबर
😂 धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

कोरडवाहू, जाता जाता काही किरकोळ. रात्री डिंगी (किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी) पाण्यातून वर उचलून बांधा; तिकडची म्हणच आहे, उचला नाहीतर हरवा. किनाऱ्यावर बुटक्या सफरचंदासारखी फळं असलेलं मँचिनील नावाचं झाड असतं, त्याच्या चिकाने कातडी भाजल्यासारखी होते. पावसात त्याच्या खाली उभंसुद्धा राहू नका. आणि प्रवाळावरचा मोठा शिकारी मासा, बॅराकुडा वगैरे, स्वतः पकडला म्हणून कौतुकाने खाऊ नका. सिग्वाटेराचं विष शिजवून जात नाही. आमच्या शेजारच्या बोटीवरच्या गृहस्थाला त्यानंतर गार पाणी हाताला चटका दिल्यासारखं लागायचं.

कोरडवाहू · १७ नोव्हेंबर
सगळ्यांचे मनापासून आभार. झोप आता इथे घरीही लागत नाहीये. जाऊन आलो की लिहितो.

कोरडवाहू · २२ फेब्रुवारी
धागा वर काढतोय. जाऊन आलो, कोरडाच आलो.

पहिल्या रात्री अजिबात झोपलो नाही. पण त्याचं कारण नांगर नव्हे. डोलकाठीवर शीड चढवायचा दोर आपटत होता, टक, टक-टक, टक. त्याला कसलाही ताल नाही, त्यामुळे सवयही होत नाही. सकाळी वहिनींनी हातभर रबरी दोराने तो बाजूला ओढून बांधला. आवाज बंद. "मला वाटलं तुला आवडतोय," म्हणाल्या.

खारं_वारं, टोक ओलांडल्यावर उजव्या कुशीला बसलेली लाट आठवते. मला दोनदा झालं, सुकाणूवालीला एकदाही नाही.

टोबॅगो केजला मी नळी लावून उतरलो आणि नांगर बघितला. पूर्ण गाडला गेला होता, वाळूबाहेर फक्त दांडा. बाजूने एक कासव गवत खात चाललं होतं, त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. पुढे प्रवाळाची एक रेघ, तिच्यावर फुटणारी लाट, आणि तिच्या पलीकडे काहीच नाही. त्या रात्री मात्र बाळासारखा झोपलो.

मग चॅटम बे, युनियन बेटाच्या पश्चिमेला. खाडी सुंदर, पण डोंगरावरून वारा असा उतरतो की एक मिनिट स्तब्ध आणि पुढच्या मिनिटाला कोणीतरी बोटीला ढकलल्यासारखं. बोट गर्रकन एका बाजूला फिरते, साखळी ताणते, परत फिरते. रात्री २:४०ला फोनचा अलार्म वाजला, बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की वाजणारा. मी धडपडत वर गेलो. आम्ही जागेवरच होतो, त्या झुल्यात अलार्मच्या वर्तुळाबाहेर जरासे गेलो एवढंच. पण समोरचा कॅटामरान आमच्याकडे येत होता, आडवा, दिवे बंद, अगदी निवांत. वहिनी आधीच नाळेवर उभ्या, हातात टॉर्च, पायाशी दोन फेंडर (बोटींमधला धक्का झेलणारे फुगे) काढून ठेवलेले. टॉर्च त्यांच्या खिडकीत मारून त्या अशा आवाजात ओरडल्या की पाच सेकंदांत तिकडे दिवे लागले. आमच्यापासून दोन हातांवर त्यांचं इंजिन सुरू झालं.

भोवरा · २२ फेब्रुवारी
आणि दादा?

कोरडवाहू · २२ फेब्रुवारी
झोपलेला होता. सकाळी विचारलं, तर म्हणाला, "काही झालं का रात्री?" वहिनी हसल्या.

भोवरा · २२ फेब्रुवारी
माझा १२ नोव्हेंबरचा प्रतिसाद कृपया पुन्हा वाचावा.

चिंगी_२ · २२ फेब्रुवारी
वहिनींना साष्टांग नमस्कार. त्या झोपतात कधी?

कोरडवाहू · २२ फेब्रुवारी
दुपारी. नाळेवर. फोटो आहे.

निशाचर_नाविक · २३ फेब्रुवारी
छान लिहिलंत. चॅटममध्ये खोली किती होती आणि साखळी किती सोडली होती?

कोरडवाहू · २३ फेब्रुवारी
पाणी ८ मीटर, नाळ सव्वा मीटर वर. तुमचा हिशेब मी तिथे मोठ्याने म्हणून दाखवला. दादाने ५० मीटर सोडली. साखळीवर दर दहा मीटरला लाल खूण आहे, पाच खुणा त्याने माझ्यासमोर मोजल्या. सकाळी उचलताना मी मोजल्या. चार होत्या.